टाळूवरचं लोणी

८ जून २००६ रोजी इराकचे पंतप्रधान नूरी अल-मलिकी यांनी बगदादच्या पत्रकार परिषदेत इराकमधल्या अल-कायदाचा म्होरक्या अबू मुसाब अल-झरकावी ठार झाल्याचं जाहीर केलं आणि समोरच्या इराकी पत्रकारांनी टाळ्या वाजवल्या. मलिकींच्या शेजारी अमेरिकेचे राजदूत खलीलझाद आणि सेनापती जनरल केसी उभे होते. आदल्या संध्याकाळी बाकुबाजवळच्या हिबहिबमध्ये एका घरावर अमेरिकी एफ-१६ विमानानं प्रत्येकी पाचशे पौंडांचे दोन बाँब टाकले होते. झरकावीच्या डोक्यावर अडीच कोटी डॉलरचं इनाम होतं. मग लष्कराच्या प्रवक्त्यानं मेलेल्या झरकावीचा चेहरा जगाला दाखवला, तोही मोठ्या चौकटीत बसवून. दिवाणखान्यात आजोबांचा फोटो लावावा तशी ती चौकट होती. ती कुणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे, पण पुढच्या काही दिवसांत वॉशिंग्टनमध्ये जे झालं त्याला ती शोभून दिसली.

तिथे नेमकं काय झालं? राष्ट्राध्यक्ष बुश व्हाइट हाउसच्या बागेत आले आणि बेतानं बोलले. २००३ च्या मे महिन्यात विमानवाहू जहाजावर मोहीम फत्ते झाल्याचा फलक मागे लावून भाषण ठोकण्याची हौस त्यांना महाग पडली होती. त्यामुळे अल-कायदाला जबर तडाखा बसला आहे, पण अवघड दिवस अजून सरलेले नाहीत, असा त्यांचा सूर होता. म्हणजे सैन्य राहणार. डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन केरी यांनीही झरकावीच्या अंताचं स्वागत केलं. आता इराकी लोकांनी आपला देश आपण सांभाळावा आणि वर्षअखेर अमेरिकी लढाऊ तुकड्या घरी याव्यात, असं त्यांचं म्हणणं. अभिनंदनाचं पहिलं वाक्य सगळ्यांचं सारखं होतं. पक्ष कळायचा तो दुसऱ्या वाक्यात. कॅलिफोर्नियाचे पीट स्टार्क यांनी मात्र पहिल्या वाक्याचाही शिष्टाचार पाळला नाही. हा सगळा बुश यांची अब्रू झाकण्याचा खटाटोप आहे, अशा अर्थाचं ते बोलून गेले, आणि सत्ताधाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं.

विरोधकांनी अशा वेळी मुकाट्यानं टाळ्या वाजवाव्यात, असं मला वाटत नाही. ज्या सरकारनं संहारक अस्त्रं आहेत म्हणून युद्ध केलं आणि ती सापडली नाहीत, त्याच्या प्रत्येक आनंदवार्तेकडे संशयानं पाहिलं गेलं तर तो संशय सरकारनंच कमावलेला असतो. माझी तक्रार निराळी आहे. झरकावी मेला म्हणून राहायचं, हे बुश यांचं. झरकावी मेला म्हणून निघायचं, हे केरींचं. समजा तो त्या संध्याकाळी निसटला असता. तो मोकळा आहे म्हणून राहायला हवं, असं एक बाजू म्हणाली असती, आणि तीन वर्षांत एक माणूस सापडत नाही तर निघा, असं दुसरी. जी बातमी उलटी झाली तरी कुणाचं मत तसूभर हलत नाही, ती मिळाली काय आणि न मिळाली काय! आपल्याकडचे अशाच प्रकारचे दाखले वाचकाला एव्हाना आठवले असतील. मी ते मुद्दाम देत नाही. दिले की हा लेख कोणत्या पक्षाचा, याचाच शोध सुरू होईल.

झरकावी एवढा मोठा झाला कसा, हे पाहिलं की या श्रेयाच्या भांडणाचं मूळ सापडतं. जॉर्डनमधल्या झरका या औद्योगिक गावचा हा माणूस, तरुणपणी गुंडगिरी केलेला. ५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत सद्दाम आणि अल-कायदा यांच्यातला दुवा म्हणून त्याचं नाव घेतलं. तो ओसामा बिन लादेनचा अधिकृत अनुयायी झाला ऑक्टोबर २००४ मध्ये, म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर दीड वर्षानं. सद्दामनं त्याला थारा दिला नव्हता, उलट पकडण्याचा प्रयत्न केला होता, असा निष्कर्ष सिनेटच्या गुप्तवार्ता समितीनं सप्टेंबर २००६ मध्ये काढला. तोवर तो मरून तीन महिने झाले होते. त्याचं महत्त्व फुगवून सांगण्याची प्रचारमोहीम अमेरिकी लष्करानंच चालवली होती, ही बातमी ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं लष्करी कागदपत्रांच्या आधारे त्याच वर्षी एप्रिलमध्ये छापली होती.

फुगवला म्हणून तो खोटा ठरत नाही. बगदादमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवरचा ऑगस्ट २००३ चा स्फोट त्याच्या टोळीचा. नोव्हेंबर २००५ मध्ये अम्मानच्या हॉटेलांत त्याच्या माणसांनी घडवलेल्या स्फोटांत साठेक माणसं गेली, त्यांत लग्नाला आलेलं वऱ्हाड होतं. त्यानंतर त्याच्या स्वतःच्या जमातीनं त्याच्याशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं. पण एका चेहऱ्यावर अख्खं युद्ध तोलायचं एकदा ठरलं की तो चेहरा चौकटीत घालून मिरवावा लागतो, आणि विरोधकांना त्याच चौकटीवर दगड मारावे लागतात. चौकटीबाहेरचा इराक दोघांनाही अडचणीचा.

या गोंगाटात एकच माणूस दोन्ही पक्षांच्या संहितेबाहेरचं बोलला. मायकेल बर्ग यांच्या मुलाचा २००४ मध्ये इराकमध्ये शिरच्छेद झाला होता, आणि तो झरकावीनं स्वतः केला असं मानलं जातं. बर्ग तेव्हा डेलावेअरमधून ग्रीन पक्षाचे उमेदवार होते. समाधान वाटलं का, म्हणून पत्रकार विचारायला गेले. कुठल्याही माणसाच्या मरणाचं दुःखच होतं, सूडानं सूडच वाढतो, असं ते म्हणाले. युद्धातल्या मृत्यूंबद्दल बुश यांच्यावर त्यांनी ठेवलेला ठपका मला पूर्ण पटत नाही. युद्ध कुणीही सुरू केलेलं असो, सुरी धरणाऱ्याचा हिशेब वेगळाच मांडावा लागतो. पण ज्याच्या दुःखाचं भांडवल सगळे करत होते, त्यानंच ते वापरू द्यायला नकार दिला. साहजिकच त्यांची टिंगल झाली.

आठवड्याभरानं प्रतिनिधिगृहात युद्धावर लांबलचक चर्चा झाली. परतीची तारीख ठरवायची नाही, असा ठराव १६ जूनला २५६ विरुद्ध १५३ मतांनी मंजूर झाला. झरकावीचा वारस तोवर जाहीर झालेला होता. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीप्रमाणे त्या वर्षी इराकमध्ये ३४ हजारांहून अधिक नागरिक मारले गेले आणि वर्षाचा उत्तरार्ध पूर्वार्धाहून वाईट गेला. ऑक्टोबरमध्ये त्याच्या संघटनेनं ‘इस्लामिक स्टेट ऑफ इराक’ची घोषणा केली.

पाच वर्षांनी, मे २०११ मध्ये, अबोटाबादला बिन लादेन मारला गेला तेव्हा पात्रं तीच होती, फक्त वेष बदलले होते. आता श्रेय ओबामांचं होतं, आणि २०१२ च्या प्रचारात डेमोक्रॅटिक पक्षानं ते घोषणेसारखं वापरलं. रिपब्लिकनांना त्यात वाटा हवा होता, म्हणून कैद्यांना पाण्यात गुदमरवून केलेल्या चौकशीमुळेच माग लागला, असं त्यांच्यातले बरेच जण सांगू लागले. सीआयएच्या प्रमुखांकडून माहिती घेऊन त्याच पक्षाचे जॉन मॅकेन सिनेटमध्ये उभे राहिले आणि हे खरं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मॅकेन यांनी साडेपाच वर्षं व्हिएतनामच्या तुरुंगात काढली होती, तिथे त्यांचा अतोनात छळ झाला होता. अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या तयारीत असलेले त्यांचे पक्षबंधू रिक सँटोरम यांनी यावर निर्वाळा दिला: अशी चौकशी कशी चालते, हे मॅकेन यांना कळत नाही.