काहीच झालं नाही

कारवारच्या मिस्त्रीने गाडीची चेन हाताने फिरवली आणि एका कडीपाशी थांबला. "हिची क्लिप कुठे गेली?" त्याने कोकणी वळणाच्या मराठीत विचारलं. माझा मित्र रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा पीत होता. मी आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग चेनकडे. मी आधी तिकडे का पाहिलं, हे मला नंतर बरेच दिवस टोचत राहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं माझ्या दीडशे सीसीच्या गाडीवर डबलसीट कन्याकुमारीला निघालो होतो. मी बारामतीचा, तो इंदापूरचा. जाताना सोलापूर, विजयपूर, होस्पेट, बंगळूर, मदुराई. येताना केरळ आणि कर्नाटकचा किनारा. सगळं मिळून तीन हजार किलोमीटरच्या आसपास. निघण्याआधी गाडीला नवी चेन हवी होती, ती मी स्वतः बसवली. इंजिनिअरिंगची डिग्री आहे, व्हिडिओ पाहिले होते, पाने-पक्कड घरात होते. शिवाय रॉबर्ट पर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स' नुकतंच वाचलं होतं. ते वाचलेल्या माणसाला गाडी गॅरेजला सोडायची लाज वाटते.

चेनची दोन टोकं जिथे जोडतात, त्या कडीला चेनलॉक म्हणतात. दोन पिना, त्यांवर एक पट्टी, आणि पट्टी निसटू नये म्हणून पिनांच्या खाचेत बसणारी छोटीशी क्लिप. क्लिपचं एक टोक बंद असतं, एक उघडं. बंद टोक चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवं. उलटं बसलं, तर उघड्या टोकाला काही घासून क्लिप उडू शकते. "मासा कधी शेपटी पुढे करून पोहतो का?" मिस्त्री म्हणाला. माझी क्लिप उडालेली होती आणि पट्टी नुसत्या घट्टपणावर टिकून होती. ती निसटली असती तर चेन सुटली असती. नशीब बरं असतं तर गाडी नुसती थांबली असती. वाईट असतं तर चेन गुंतून मागचं चाक जाम झालं असतं, आणि हायवेवर आमच्या मागे बहुतेक वेळा ट्रक असायचा.

मिस्त्रीने नवा चेनलॉक घातला. मित्र चहा संपवून आला, "काय झालं रे?" म्हणाला. मी म्हणालो, "काही नाही. चेन साफ केली."

रात्री मुक्कामाला फोन उघडला. चेन बसवली त्या दिवशी हात काळे झालेले दाखवत मी स्टेटसला फोटो टाकला होता. तो मोठा करून पाहिला. मासा उलटा पोहत होता.

आता प्रश्न असा, की काहीच झालं नाही, तर माझी चूक केवढी? १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी 'मॉरल लक' म्हणजे नैतिक नशीब या विषयावर एकाच चर्चासत्रासाठी निबंध लिहिले. नेगलचं एक उदाहरण आमच्या प्रकरणाच्या अगदी जवळचं आहे. एका ट्रकवाल्याने बरेच दिवस ब्रेक तपासलेले नाहीत. एक मूल आडवं येतं आणि ट्रकखाली जातं. तो आयुष्यभर स्वतःला दोष देईल आणि लोकही देतील. दुसऱ्या ट्रकवाल्याने तेवढाच हलगर्जीपणा केला, पण त्याच्यासमोर मूल आलंच नाही. त्याला कुणी काही म्हणणार नाही. दोघांच्या हातात जे होतं, ते दोघांनी सारखंच केलं. फरक मुलाच्या येण्या-न येण्याचा. तो फरक त्यांच्या हातात नव्हता, तरी आपण दोष वेगवेगळा मोजतो. नेगल हा गुंता सोडवून देत नाही, आपल्यासमोर ठेवतो.

मी दुसरा ट्रकवाला. आणि दुसऱ्या ट्रकवाल्याची अडचण अशी, की त्याला दोष देणारं कुणी नसल्यामुळे तो स्वतःही हळूहळू विसरतो. बरी जिरली, आता लक्ष ठेवू, एवढ्यावर भागतं.

माझ्या दोन चुका होत्या आणि त्या एका जातीच्या नव्हत्या. क्लिप उलटी बसवली हे अज्ञान. ते कुणाचंही होतं आणि विचारलं तर संपतं. दुसरी चूक वेगळी. गाडीच्या पुस्तिकेत दर ५०० किलोमीटरला चेन साफ करून तेल द्या असं लिहिलेलं होतं. पावसात भिजल्यावर तर द्यायलाच हवं, कारण पाणी वंगण धुऊन नेतं. केरळात आम्ही सलग तीन दिवस पावसात गाडी चालवली आणि तिन्ही संध्याकाळी मी कंटाळा केला. चड्डी-बनियन वाळत घातले, चेनकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर क्लिप नाही हे मलाही दिसलं असतं. त्यासाठी डिग्री लागत नव्हती, वाकावं लागत होतं.

पर्सिगशी माझं इथे थोडं भांडण आहे. त्याच्या गाडीचं इंजिन एकदा जाम झालं. गॅरेजमधल्या पोरांनी रेडिओ लावून, हातोडीने ठोकून ते आणखी बिघडवलं. शेवटी कारण निघालं तेलाच्या यंत्रणेतली तुटलेली एक क्षुल्लक पिन. त्याचा निष्कर्ष असा, की त्या पोरांना कामाची आस्था नव्हती. पण मला तर आस्था होती! चेन बसवताना मी रेडिओसुद्धा लावला नव्हता. आस्था होती म्हणून तर फोटो काढला. ती माझ्या कामाबद्दल, माझ्या काळ्या हातांबद्दल होती. चेनपर्यंत पोचली नव्हती. कारवारच्या मिस्त्रीच्या दुकानात मात्र रेडिओ मोठ्याने वाजत होता.

माझ्या व्यवसायात हे रोज दिसतं. नवं फीचर लिहिणाऱ्याचं नाव होतं. सर्व्हर पडला की रात्री जागून उठवणाऱ्याचं त्याहून जास्त होतं. तो पडूच नये म्हणून महिनोन् महिने लॉग चाळणाऱ्याने अप्रेझलमध्ये काय लिहावं? "काही झालं नाही" ही ओळ फॉर्ममध्ये बसत नाही. वायटूकेच्या वेळी जगभरच्या प्रोग्रामरनी जुन्या कोडमधले दोन अंकी वर्षांचे रकाने शोधून शोधून दुरुस्त केले. १ जानेवारी २००० ला फारसं काही कोसळलं नाही, तर लोक म्हणाले की उगाच बाऊ केला. देखभालीचं यश आणि हलगर्जीपणाचं नशीब बाहेरून सारखेच दिसतात. दोन्हीकडे काहीच झालेलं नसतं.

मग करायची कशासाठी? याचं उत्तर मला घराजवळच्या रस्त्यावर मिळालं. कोल्हापूर-फलटण करत आम्ही बारामतीत आलो तेव्हा अंधार पडला होता. मित्राला सोडायला आणखी पन्नासेक किलोमीटर इंदापूर. हंगाम सुरू होत होता. सणसरच्या पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता, आणि मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता. अगदी जवळ गेल्यावर उसाची वाढी दिसली. ब्रेक दाबला, गाडी थांबली. तेव्हाही काहीच झालं नाही. मी ट्रॅक्टरवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि मध्येच गप्प झालो. रिफ्लेक्टर ही अशी वस्तू आहे, की तो ज्याच्या ट्रॉलीला असतो त्याला कधी दिसत नाही. तो मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतो. माझी चेनही मला चालवताना दिसत नव्हती, आणि तिच्यावर भिस्त ठेवून मागे एक माणूस बसला होता. त्याने कधी वाकून पाहिलं नाही, कारण ते मी पाहिलंय असं त्याने धरलं होतं. चेन साफ करायला मी बांधील होतो तो याला. अपघात झाला असता की नसता, याचा त्याच्याशी संबंध नाही. बांधिलकी त्याने पाय टाकून मागे बसण्याच्या क्षणीच सुरू झाली होती.

हा रस्ता तुकोबांच्या पालखीचाही. बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर. लहानपणी पालखीच्या मुक्कामाला पाहिलेलं आठवतं: रस्त्याकडेला बसून वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देणारे लोक. वारकरी चप्पल काढून पुढे करायचा, अनवाणी उभा राहायचा आणि पट्टा शिवून झाला की एकदा ओढून बघायचा. मला आता त्या ओढून बघण्याचं महत्त्व वाटतं. आपलं सगळं आपणच दुरुस्त करावं असा काही नियम नाही; लांबच्या वाटेवर ते शक्यही नाही. दुसऱ्याच्या हातात द्यावं, विचारावं. पण शेवटी एकदा आपण ओढून बघावं.

कारवारची गोष्ट मी मित्राला पाच महिन्यांनी सांगितली, इंदापुरात त्याच्या घराच्या ओट्यावर. अपघात झाला नाही, मग सांगून त्याला कशाला घाबरवायचं, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं कारण साधं होतं: पुढच्या वेळी तो माझ्या मागे बसला नसता तर?

त्याने ऐकून घेतलं. चिडला नाही. थोड्या वेळाने त्याने एकच विचारलं, "क्लिपशिवाय किती किलोमीटर आलो आपण?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पन्नास असतील, पाचशे असतील. मी पाहिलंच नव्हतं.