डोलकाठ्या आणि दादीची बोटे

गोंदियाहून समुद्र फार दूर. आमच्यातल्या कित्येकांनी मोठे पाणी पाहिले ते नवेगावबांधचे. तरी टर्नर या इंग्रज चित्रकाराच्या 'द फायटिंग टेमेरेअर' या चित्राने आम्हाला एका जुन्या प्रश्नात अडकवले आहे. भल्या हेतूने दिलेली खोटी साक्ष खोटीच मानायची का?

१८०५ च्या ट्रॅफल्गारच्या लढाईत गाजलेले हे लाकडी जहाज १८३८ साली तोडण्यासाठी थेम्स नदीतून ओढून नेले. पुढच्या वर्षी टर्नरने ते लोकांपुढे ठेवले. चित्रात डावीकडे जहाज उंच, फिकट सोनेरी, जणू धुक्याचेच बनलेले. त्याच्या पुढे धूर ओकणारी काळी आगबोट. उजवी बाजू बहुतेक मोकळी, आणि तिथे सूर्य बुडतो आहे. वर डावीकडे चंद्राची बारीक कोर. नजर त्या तांबड्या आगीतून निघते आणि फिक्या जहाजावर जाऊन थांबते.

प्रत्यक्षात डोलकाठ्या आधीच उतरवल्या होत्या. ओढणाऱ्या बोटी दोन होत्या. जहाज पश्चिमेकडे चालले होते, म्हणजे मावळता सूर्य त्याच्या समोर हवा. (पश्चिम कुठे, हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक असते.) टर्नरने सूर्य जहाजाच्या पाठीशी ठेवला.

आमच्या दादीने उभा जन्म बिड्या वळल्या. तंबाखूने तिची बोटे काळवंडली होती. तिचा एकुलता एक फोटो मोठा करताना स्टुडिओवाल्याने ते डाग पुसून बोटे गोरी केली. घरात सगळे खूश झाले, आम्हीही. आता वाटते, टर्नरने जहाजाचे हिरावलेले त्याला परत दिले. आम्ही दादीचे कमावलेले काढून घेतले. खोटे दोन्हीकडे आहे, पण दोन्ही एका तराजूत घालायला मन धजत नाही.

अर्थात टर्नरही पुरता सुटत नाही. पुढे ज्यांनी ते जहाज फळी-फळी करून मोडले, त्यांच्या वाट्याला त्या उजेडातले काही आले नाही. १९७१ च्या युद्धातली आपली 'विक्रांत' २०१४ साली मुंबईत भंगारात निघाली तेव्हा देशभर हळहळ झाली. दारूखान्यात तिचे पोलाद कापणाऱ्यांची आठवण कितीजणांना झाली असेल?

टर्नरने हे चित्र जिवंतपणी विकले नाही. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दादीचा फोटो आमच्या बैठकीत आहे. मूळ फोटो स्टुडिओतून परत आणायचे त्या वेळी कोणाला सुचले नाही.