आखाती उन्हाळ्यातला संसार

दुबईत जुलै-ऑगस्टमध्ये निळ्या खुणेचा नळ सोडला की हात झटकन मागे घ्यावा लागतो. पाण्याच्या टाक्या गच्चीवर, दिवसभर उन्हात तापलेल्या. रात्री नऊलाही त्या पाण्याने अंघोळ करवत नाही. जुने रहिवासी नव्यांना एक तोड सांगतात. मे महिन्यात गीझरचं बटण बंद करायचं. गीझरची टाकी घरात असते, एसीच्या गारव्यात तिच्यातलं पाणी निवतं आणि उन्हाळाभर लाल खुणेच्या नळाला गार पाणी येतं. नवं बिऱ्हाड थाटणाऱ्यांना शेजारीपाजारी अशा पन्नास गोष्टी सांगतात. ज्वारीचं पीठ कुठे ताजं मिळतं, घरभाड्याचे चेक किती भागांत द्यावेत, मेट्रोचं कार्ड कुठून घ्यावं. त्या उन्हाळ्यात नवराबायकोच्या नात्याचं काय होतं, हे मात्र कोणी सांगत नाही. घरच्यांकडे विषय काढला तर फोनवर एवढंच उत्तर येतं, “नवीन आहे ना, घ्या जुळवून.”

या सल्ल्याशी माझं भांडण आहे. परदेशात जोडप्याचं बिनसलं की आपण लगेच स्वभाव तपासायला बसतो: तो अबोल, ती हट्टी, तिला माहेरची फार ओढ. मी दुबई-शारजात संसार केला, आमच्यासारखी कितीतरी बिऱ्हाडं जवळून पाहिली, आणि माझं मत असं झालं आहे की तिथला संसार कसा चालेल हे आधी ऊन, फूटपाथ आणि व्हिसाचा कागद ठरवतात. स्वभावाचा नंबर त्यानंतर लागतो. दोन समजूतदार माणसंसुद्धा त्या रचनेत एकमेकांच्या अंगावर येतात आणि मग दोष स्वतःला किंवा समोरच्याला देत राहतात.

आधी ऊन. नागपूर-अकोल्याहून आलेल्यांना वाटतं, आम्हाला उन्हाचं काय नवल? पारा तर तिथेही चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. पण विदर्भातली उष्णता कोरडी. वाळ्याचे ताटे लावलेला कूलर तिथे काम करतो, कारण कोरड्या हवेत पाणी उडून जातं आणि हवा गार होते. दुबईसमोरचं आखात उथळ आहे. सगळ्यात खोल जागीही शंभर मीटरच्या आतबाहेर. ऑगस्टात त्याचं पाणी तेहतीस-चौतीस अंशांवर जातं आणि समुद्रावरून येणारा वारा गारव्याऐवजी दमट वाफ घेऊन येतो. त्या हवेत घाम वाळत नाही. इमारतीबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर धुकं धरतं. रात्रीसुद्धा पारा तिशीच्या खाली उतरायला तयार नसतो. विदर्भातला उन्हाळा दुपार घेतो आणि संध्याकाळ परत देतो. माणसं अंगणात खाटा टाकतात, चौकात बसतात, आइसक्रीम खायला निघतात. आखाती उन्हाळा संध्याकाळही घेतो.

संध्याकाळ गेली म्हणजे नेमकं काय गेलं, हे आपल्याकडच्या नवराबायकोंनी आठवून पाहावं. आपल्या मध्यमवर्गीय घरात जोडप्याचं खरं बोलणं घराबाहेर होतं. घरात सासूसासरे, मुलं, टीव्ही, आला-गेला. म्हणून “जरा चक्कर मारून येतो” म्हणून दोघं निघतात. तळ्याकाठी, पुलावर, भाजी घेऊन येताना, स्कूटरवर पाठीमागून कानाशी. पैशाचं, मुलाचं, दुखावल्याचं सगळं बोलणं तिथे होतं. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही, त्यामुळे अवघड विषयही निघतो. दुबईत घर रिकामं मिळतं, फक्त दोघांचं. लग्नाआधी हवीहवीशी वाटणारी हीच गोष्ट. पण बाहेर जाता येत नाही, आणि त्या बंद, गार खोलीत दोघं समोरासमोर बसले की बोलणं सुचत नाही. निघालंच तर त्याची वादावादी होते, कारण उठून जायला जागा नसते.

यात नव्या नवरीच्या वाट्याला सगळ्यात वाईट वेळ येते, आणि त्याचं कारण आपल्या पंचांगात आहे. आपल्याकडे लग्नसराई एप्रिल-मेची. मुलगा दोन-तीन आठवड्यांची रजा काढून येतो, लग्न करतो, परत जातो. मग कागद सुरू होतात. विवाहाच्या दाखल्यावर राज्य सरकारचा शिक्का, दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का, तिकडे गेल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा. हे होईस्तोवर जून संपतो. मुलगी जुलैत उतरते, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात. त्याच सुमारास शाळांना दोन महिन्यांची सुट्टी लागलेली असते आणि जुन्या मराठी बायका मुलांना घेऊन गावी गेलेल्या असतात. शेजारचं दार वाजवावं तर आत कोणी नाही. इमारतींच्या गर्दीत ती ओस शहरात उतरते.

दुबईला लागून असलेल्या शारजातल्या अल नहदात आमची इमारत होती. तिथे अशीच एक सांगलीची मुलगी आली होती. सांगलीत घरी शिकवण्या घ्यायची, दिवसभर माणसांत असायची. एकदा सकाळी अकराला समोरच्या औषधाच्या दुकानात जायला निघाली. दुकान खिडकीतून दिसत होतं, पण मधे सहा पदरी रस्ता. सिग्नलपर्यंत चालत जायचं आणि पलीकडून तेवढंच परत यायचं. औषध घेऊन आली आणि खाली लिफ्टशेजारच्या लादीवर भिंतीला टेकून बसली. पहारेकऱ्याने पाणी आणून दिलं. संध्याकाळी नवरा आल्यावर काय झालं, ते तिने मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, “अरे, आज त्या वॉचमनशिवाय कोणाशी बोललेच नाही मी.” तो बूट काढता काढता म्हणाला, “आणि मी सकाळपासून बोलतोच आहे गं. पाच मिनिटं गप्प बसू दे.” दोघांचंही खरं होतं. शारजातून दुबईला कामावर जायला सकाळी तास-दीड तास आणि परत यायला तेवढाच वेळ, समोरच्या गाडीचे लाल दिवे बघत. त्याला शांतता हवी होती आणि तिला माणूस. यात कोणाचा स्वभाव तपासायचा?

त्याचा दिवस कसा जातो, हेही नीट पाहायला हवं. घराखालच्या पार्किंगमधून ऑफिसखालच्या पार्किंगमध्ये, तिथून लिफ्ट. ऊन अंगाला लागतच नाही. लख्ख उन्हाच्या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते ती यामुळेही. उष्णतेचा त्रास त्याला होत नाही, म्हणून “एवढं काय आहे त्यात?” असं तो मनापासून विचारतो. तिच्याकडे गाडी नाही, कारण आपला भारतीय परवाना तिथे रहिवाशाला चालत नाही. ड्रायव्हिंग स्कूलचे तास, मग पार्किंगची परीक्षा, मग रस्त्यावरची. नापास झालं की पुन्हा तास, पुन्हा पैसे. मेट्रो उत्तम आहे, सप्टेंबर २००९पासून धावते, स्टेशनं गारेगार. पण घरापासून स्टेशनापर्यंतची ती दहा मिनिटं जुलैत दहा मिनिटं राहत नाहीत.

आणि सगळ्याच्या मुळाशी तो कागद. ती तिथे राहते ती नवऱ्याच्या व्हिसावर. तो तिचा प्रायोजक. घराचा नोंदणीकृत भाडेकरार त्याच्या नावावर, वीज-पाण्याचं खातं त्याच्या नावावर, बँकेचा चेक त्याचा. त्याची नोकरी गेली तर दोघांच्याही राहण्याचा प्रश्न. तिने नोकरी करायला कायद्याची आडकाठी नाही, कामाचा वेगळा परवाना मिळतो. पण पहिल्या उन्हाळ्यात, ओळखपाळख नसताना, गाडी नसताना, हे कळायलाच महिने जातात. पुण्यात स्वतःच्या पगारावर उभी असलेली मुलगी इथे घरखर्चाला पैसे मागते. मागताना तिला वाईट वाटतं, देताना त्यालाही अवघडायला होतं, आणि या अवघडलेपणावर दोघं बोलत नाहीत.

म्हणून घर निवडताना पोहण्याचा तलाव बघू नका, फूटपाथ बघा, असं मी प्रत्येकाला सांगते. नव्या टोलेजंग इमारतींत व्यायामशाळा असते, समुद्राचा तुकडा दिसतो. फाटकाबाहेर मात्र गाड्यांचा रस्ता आणि पुढे आणखी मोठा रस्ता. करामासारख्या जुन्या वस्तीत इमारती बुटक्या, खाली दुकानांची रांग आणि दुकानांवर सावली. उडुप्याचं हॉटेल, फॉल-पिको करणारा शिंपी, मेथीची जुडी, चहाची टपरीवजा कॅफेटेरिया. ऑगस्टातसुद्धा रात्री साडेनऊला तिथे माणसं रस्त्यावर असतात, घामाने भिजलेली, पण बाहेर. तिथे नवराबायको दोन गल्ल्या फिरून कोथिंबीर घेऊन येऊ शकतात. भाड्याचे वर्षभराचे चेक आधीच द्यावे लागतात, तेव्हा चुकीच्या जागी पडलात तर बारा महिने अडकलात. भाडं वाचवायला लांब राहणं मला समजतं, पगार बेताचा असतो. पण वाचलेल्या दिरहमांच्या बदल्यात रोजची संध्याकाळ चालली आहे, हे दोघांनी मिळून, आधी, कागदावर मांडावं. बहुतेक घरांत हा निर्णय ती यायच्या आधीच झालेला असतो.

या उन्हात बारा महिने एका जागी राहायचं, ही कल्पनाच तशी नवी आहे. वीज यायच्या आधी इथली माणसं उन्हाळ्यात शहर सोडत. पुरुष जूनपासून सप्टेंबरपर्यंत मोत्यांच्या बोटींवर. त्यातले कितीतरी मोती मुंबईच्या बाजारात येत. बायका-मुलं अल ऐन, लिवा अशा ठिकाणच्या खजुराच्या बागांत, सावलीला आणि पाण्याजवळ. मागे राहणाऱ्यांसाठी झावळ्यांची हवेशीर घरं असत, आणि सधन व्यापाऱ्यांच्या घरांवर वारा पकडून खाली सोडणारे बुरूज, जे दुबईतल्या अल फहिदी या जुन्या वस्तीत आजही उभे आहेत. उन्हाळ्याचा विरह होता, पण तो सगळ्या गावाचा होता. जाणारे सगळे एका वेळी जात आणि एका वेळी परत येत. ऑगस्टच्या अखेरीस पहाटे सुहैल तारा दिसला की म्हातारे म्हणत, आता उतार पडेल. आपण ज्याला अगस्त्य म्हणतो, तोच हा तारा. त्याच्या उदयाशी आपणही पावसाळ्याच्या ओसरण्याची सांगड घातली आहे.

आपल्या बायका जुलै-ऑगस्टात मुलांना घेऊन भारतात जातात, ती याच जुन्या रीतीची आठवण. मुलांना आजी-आजोबा मिळतात, हे मोलाचं आहे. तरी दरवर्षी नेमाने दोन महिने वेगळं राहण्याची किंमत मी पाहिली आहे. मागे राहिलेला नवरा डब्यावर जगतो. एसी बंदही ठेवता येत नाही, नाहीतर कपाटातल्या चपलांना आणि साड्यांच्या घडीला बुरशी लागते. व्हॉट्सअॅपवरून अमिरातीत संदेश जातात, पण कॉल लागत नाही. त्यासाठी वेगळं अॅप घ्यावं लागतं. दोघांना एकमेकांवाचून चालण्याची सवय होते, आणि सप्टेंबरात ती मोडायला पुन्हा महिनाभर लागतो. एका उन्हाळ्याने काही बिघडत नाही. सात-आठ उन्हाळे असे गेले की फरक पडतो.

आणि हे सगळं ज्यांना परवडतं त्यांच्याबद्दल झालं. बायकोला व्हिसा काढून आणायला महिन्याला किमान चार हजार दिरहम पगार लागतो, किंवा तीन हजार आणि राहायची जागा. त्याखालच्यांनी एकट्यानेच राहायचं. रत्नागिरी-रायगडच्या गावागावांतल्या मुस्लीम घरांनी हे पिढ्यान्‌पिढ्या सोसलं आहे. लग्नाची वीस वर्षं आणि सहवास सुट्ट्यांपुरता. बांधकामावरच्या मजुरांना १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करायला लावू नये, असा तिथे नियम आहे. चांगला नियम आहे. पण तीननंतरही ऊन असतंच, आणि पार्सल घेऊन मोटरसायकलवर येणारा मुलगा भर दुपारीही दारात उभा असतो, हेल्मेटखाली चेहरा लालबुंद. आम्ही दोघांनी ठरवलं होतं, उन्हाळ्यात बारा ते पाच बाहेरून काही मागवायचं नाही. आमच्या गार खोलीतल्या कुरबुरींकडे मी त्या मुलाला विसरून पाहू शकत नाही. त्याचीही कुठेतरी बायको असते, आणि त्यांच्या संसारावर लेखही लिहिला जात नाही.

माझं मागणं अवघड नाही. लग्न मेमध्ये झालं तरी मुलीला ऑक्टोबरात आणा. तेव्हा हवा निवळते, बागा भरतात, खाडीवरच्या अब्रा नावेत माणशी एका दिरहमला दोघांना शेजारी बसून पलीकडे जाता येतं. शहराशी ओळख अशी व्हावी. चार महिने थांबल्याने काही अडत नाही, आणि तेवढ्या काळात तिला आपल्या पदव्यांवर लागणारे शिक्केही मिळवता येतात. उतरल्यावर पहिली गुंतवणूक तिच्या ड्रायव्हिंग परवान्यात करा, सोफ्यात नको. बँकेत तिचं स्वतःचं खातं उघडा.

मराठी मंडळींना एक विनंती. आपले कार्यक्रम जूनअखेर थांबतात आणि गणपतीला पुन्हा सुरू होतात, कारण उन्हाळ्यात ‘कोणी नसतं’. पण त्याच दिवसांत नव्या मुली उतरतात. मागे राहिलेल्या दोन-तीन घरांनी जुलै-ऑगस्टात दर शनिवारी संध्याकाळी दार उघडं ठेवावं, पिठलं-भात करावा, आणि ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी अल नहदा, अल कुसैस, अबू शगारा अशा वस्त्यांतून नव्या जोडप्यांना घेऊन यावं. कोण कधी उतरतंय, याची माहिती आपल्याकडे असतेच. नाहीतर त्यांच्या लग्नाच्या पत्रिका आपल्यापर्यंत कशा पोहोचतात?