कारकिर्दीतल्या कोऱ्या जागा

बेसबॉल हा आकड्यांवर पोसलेला खेळ आहे. निवृत्त खेळाडूची ओळख करून द्यायची तर अमेरिकेत आधी तक्ता पुढे येतो: सामने किती, हिट किती, होम रन किती, सरासरी काय. या तक्त्यात त्या माणसाची कर्तबगारी पुरती उतरली आहे, असे आपण धरून चालतो. कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघातून खेळून गेलेल्यांच्या कारकिर्दी शेजारीशेजारी ठेवून वाचल्या की ही समजूत टिकत नाही. खेळाडूला कुठे खेळू दिले आणि त्याचा खेळ लिहून ठेवण्याजोगा कुणाला वाटला, हेही तक्ताच सांगत असतो. म्हणून जुन्या तक्त्यांत राहून गेलेले आकडे मिळवायला हवेत, पण जिथे आकडा नाही ती जागा कोरी दिसली पाहिजे आणि ती कोरी का राहिली हेही तिथेच लिहिले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

मोनार्क्स संघ १९२० साली उभा राहिला. त्याच वर्षी कॅन्सस सिटीत रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय संघांची निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्तराचे, म्हणजे मेजर लीगचे, दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद होते. तसा लेखी नियम नव्हता, पण तो सगळ्यांना ठाऊक होता आणि सगळे पाळत होते. मोनार्क्सचे मालक जे. एल. विल्किन्सन स्वतः गोरे होते. १९३० मध्ये त्यांनी गावोगावी नेता येतील असे दिवे करून घेऊन रात्रीचे सामने सुरू केले. मेजर लीगमधला पहिला रात्रीचा सामना त्यानंतर पाच वर्षांनी झाला. या संघाचा जॅकी रॉबिन्सन १९४५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने करारबद्ध केला, तेव्हा मोनार्क्सला मोबदला म्हणून काहीही मिळाले नाही. ज्या व्यवस्थेला या संघाचा आपल्या खेळाडूवरचा हक्क मान्य नव्हता, तिनेच २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातल्या सात निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला. २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत आले आणि रॉबिन्सनच्या खात्यावर मोनार्क्सकडून मारलेले ४९ हिट जमा झाले.

नुसत्या तक्त्यावर विसंबल्याने माणसावर केवढा अन्याय होतो, हे विलार्ड ब्राऊनच्या बाबतीत दिसते. मोनार्क्सचा हा जबरदस्त फलंदाज १९४७ मध्ये मेजर लीगमधल्या सेंट लुईस ब्राऊन्सकडे गेला. तिथे त्याने एका गोऱ्या सहकाऱ्याची बॅट घेऊन होम रन मारला. मेजर लीगच्या अमेरिकन लीग या विभागात कृष्णवर्णीय खेळाडूने मारलेला तो पहिला होम रन. ब्राऊन परतल्यावर त्या सहकाऱ्याने ती बॅट आपटून मोडून टाकली. एकवीस सामन्यांनंतर ब्राऊनला काढले, तेव्हा त्याची सरासरी ०.१७९ होती. मेजर लीगच्या नोंदीत पुढची कित्येक दशके ब्राऊन म्हणजे हे एकवीस सामने. पण त्याच हिवाळ्यात पोर्टो रिकोच्या लीगमध्ये त्याने ०.४३२ च्या सरासरीने २७ होम रन मारले. दोन-चार महिन्यांत कुणी फलंदाजी विसरत नाही की नव्याने शिकत नाही. बदलले होते ते भोवतालचे वातावरण, आणि त्याला तक्त्यात रकाना नसतो. पिचर हिल्टन स्मिथचेही असेच. लोक संघातला नामवंत पिचर सॅचेल पेज याला पाहायला येत, म्हणून पेज पहिल्या दोन-तीन इनिंग टाकी आणि उरलेला सामना स्मिथ ओढून नेई. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पेज १९७१ मध्ये गेला, स्मिथ २००१ मध्ये, तोही मृत्यूनंतर.

यावर पहिला आक्षेप असा की निग्रो लीगचे हंगाम छोटे असत आणि प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा कमीजास्त असे, मग तिथली सरासरी मेजर लीगच्या टाय कॉबच्या सरासरीशेजारी कशी ठेवायची? आक्षेप पोकळ नाही. निग्रो लीगमधला फलंदाज जॉश गिब्सन याची ०.३७२ ही सरासरी कॉबच्या ०.३६७ च्या वर गेली, ती बऱ्याच कमी सामन्यांच्या जोरावर. पण २०२० चा साथीतला हंगाम साठच सामन्यांचा होता आणि तो मेजर लीगने बिनतक्रार धरला. दर्जाचे म्हणाल, तर कॉबलाही लीगमध्ये कृष्णवर्णीय पिचरना कधी तोंड द्यावे लागले नाही. अर्धी स्पर्धा दाराबाहेर ठेवून झालेले विक्रम शुद्ध मानायचे आणि दाराबाहेर झालेले तेवढे संशयित, हा न्याय मला पटत नाही. हंगाम छोटे होते, कारण पोट भरण्यासाठी या संघांना गावोगाव प्रदर्शनी सामने खेळत फिरावे लागे. ती वेळही त्याच बंदीने आणली होती.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. दोन्हीकडचे आकडे एकत्र केले की जुनी फाळणी दिसेनाशी होते, पुढच्या पिढीला वाटेल हे सगळे एकाच मैदानावर खेळले. हा धोका खरा आहे. अधिकृत नोंदीत सॅचेल पेजचे विजय २८ चे १२५ झाले, पण मेजर लीगमध्ये त्याला पहिल्यांदा बोलावले तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता, हे १२५ या आकड्यातून कळत नाही. शिवाय कितीतरी स्कोअरशीट अजून सापडलेली नाहीत आणि प्रदर्शनी सामने जमेस धरलेलेच नाहीत. ही पोकळी दंतकथांनी भरायचा मोह होतो. गिब्सनचे सुमारे आठशे होम रन हा असाच, कागदोपत्री न ठरणारा आकडा. तो तक्त्यात घालू नये. पण आकड्यांचे एकत्रीकरण मागे घेणे हाही उपाय नाही, कारण मग ब्राऊन पुन्हा ०.१७९ वर येऊन थांबेल. प्रत्येक हंगामापुढे लीगचे नाव, मिळालेल्या सामन्यांची संख्या आणि न मिळालेल्यांचा उल्लेख छापणे अवघड नाही.

बक ओ'नीलच्या कारकिर्दीला तर तक्ता पुरतच नाही. तो मोनार्क्सचा पहिल्या बेसवरचा खेळाडू, पुढे व्यवस्थापक, १९६२ मध्ये शिकागो कब्जकडे मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक, आणि कॅन्सस सिटीतल्या निग्रो लीग संग्रहालयाचा आधारस्तंभ. २००६ मध्ये खास समितीने निग्रो लीगशी संबंधित सतरा जणांना हॉल ऑफ फेममध्ये घेतले, ओ'नीलला वगळले. तरीही हॉल ऑफ फेमच्या कूपर्सटाउनमधल्या समारंभात त्या दिवंगतांच्या वतीने बोलायला तोच उभा राहिला. काही महिन्यांत तो गेला, आणि त्याची निवड व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा देताना आखलेली १९४८ ही सीमाही तपासून पाहायला हवी. त्या वर्षानंतर त्याच नावाची दुसरी निग्रो नॅशनल लीग बंद पडली, चांगले खेळाडू मेजर लीगकडे वळू लागले, म्हणून ती समजण्यासारखी आहे. पण मेजर लीगमध्ये ५१२ होम रन मारणारा अर्नी बँक्स १९५० मध्ये आणि पुन्हा १९५३ मध्ये मोनार्क्सकडून खेळला, आणि त्याच्या अधिकृत तक्त्यात त्यातले काहीच नाही. ते आकडे बेरजेत घेऊ नयेत हे मान्य. बेरजेच्या खाली, वेगळ्या ओळीत, संघाच्या नावासकट ते छापायला मात्र कुठलाच नियम आड येत नाही.