मागे राहिलेले हात

तैवानमध्ये जन्मलेल्या जेन्सन हुआंग यांनी वयाच्या १५ व्या वर्षी अमेरिकेतील पोर्टलंड शहरात ‘डेनीज’ या उपाहारगृहात भांडी विसळण्याचे काम पत्करले. पुढे ते उष्टी टेबले आवरू लागले, मग वेटर झाले. १९८४ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते ‘ए.एम.डी.’ कंपनीत मायक्रोप्रोसेसरची रचना करू लागले. १९९३ मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्यांनी ‘एनव्हिडिया’ स्थापन केली; तिची बोलणीही सॅन होजे येथील डेनीजमध्येच झाली.

ही कथा सांगताना समाज मोरीवरच्या श्रमाला शिडीची पहिली पायरी मानतो. पण पायरीची थोरवी वर चढणाऱ्यावरून ठरत असेल, तर त्याच्याशेजारी उभे राहून जन्मभर ताटे विसळणाऱ्याच्या श्रमाचे मोल कोणते?

हुआंग स्वतः सांगतात की, आत जाताना वा बाहेर येताना आपले हात कधी रिकामे नसत. हा नेटकेपणा त्या श्रमातच पूर्ण होता. पुढील यशाने त्यात काही भर घातली नाही. मग वेतनात आणि मानात पडलेले अंतर केवळ गुणाचे नव्हे. त्यात शिक्षणाचा, संधीचा आणि काळाच्या गरजेचा वाटा मोठा आहे. वर जाणे हा अपराध नव्हे. परंतु पूर्वीचे काम अभिमानाने सांगणारा माणूस, तेच काम आज करणाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, यातच त्या अभिमानाची कसोटी आहे.

ताट स्वच्छ झाले की भुकेल्याला त्यात वाढता येते. त्या श्रमाला याहून वेगळ्या समर्थनाची गरज नाही.