शुक्रवारचा मासा

गुड फ्रायडेच्या दिवशी इंग्लंडातील एखाद्या रोमन कॅथलिक घरात रात्रीच्या जेवणासाठी जो फिश पाय सिद्ध होतो, त्याच्या कृतीत इंद्रियनिग्रहाचे लक्षण शोधू जाणाऱ्यास ते सहसा सापडावयाचे नाही. कॉडचे पांढरे आणि धुरी दिलेल्या हॅडकचे पिवळसर तुकडे दुधात मंद आचेवर शिजवावयाचे. पंगतीस लहान मुले आहेत हे ध्यानी ठेवून त्यांतील काटे बोटांनी चाचपून काढावयाचे. माशाचा गंध उतरलेले तेच दूध लोण्यावर परतलेल्या मैद्यात थोडेथोडे घालून त्याचा दाट सॉस करावयाचा. त्यात मासा आणि उकडलेल्या अंड्यांच्या फोडी सोडून वर लोणी घालून कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर पसरावयाचा. आणि ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सियसवर सुमारे अर्ध्या तासाने कडेकडेने सॉस खदखदू लागला व वरचे कंगोरे तांबूस झाले, म्हणजे घरच्या सर्वांना हाक मारावयाची. ख्रिस्ताच्या मरणाच्या स्मृतिदिनी मांस वर्ज्य करणाऱ्या धर्माज्ञेचा भंग या साग्रसंगीत भोजनाने यत्किंचितही होत नाही. मग त्याग झाला तो कशाचा?

ही शंका आधुनिक नास्तिकाने काढलेली आहे असे मात्र नव्हे. तेराव्या शतकातील थोर धर्मवेत्ता थॉमस अक्वायनस याने आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए'त ती स्वतःच उपस्थित केली आहे. भूमीवर राहणारे व हवेत श्वास घेणारे प्राणी देहधर्माने मनुष्याला अधिक जवळचे, सबब त्यांचे मांस अधिक पौष्टिक, अधिक रुचकर आणि म्हणून वासनेला अधिक उद्दीपक, असा त्याचा युक्तिवाद. काही मासे मांसाइतकेच स्वादिष्ट असतात त्याचे काय, या आक्षेपाला त्याने दिलेले उत्तर असे, की नियम करणारा सर्वसामान्य अनुभव पाहतो, अपवाद पाहत नाही. उत्तर प्रामाणिक आहे; पण ते मालवणात किंवा मडगावात बसून लिहिले गेले नसते, एवढे म्हणण्याचा मोह आवरत नाही. कोकणातील असंख्य घरांत श्रावण लागला की मासळीच वर्ज्य होते, कारण जिव्हेची खरी ओढ तिच्याकडे. जे एका किनाऱ्यावर निग्रहाचे साधन, तेच दुसऱ्या किनाऱ्यावर निग्रहाचा विषय.

शिवाय अक्वायनसच्या काळी ईस्टरपूर्वीच्या लेंटच्या उपवासात अंडी, दूध आणि लोणीही निषिद्ध होती. म्हणजे आजचा हा फिश पाय त्याच्यापुढे ठेवला असता तर त्याने मासा तेवढा उचलून बाकीचे परत धाडले असते. पुढे लोण्याची मुभा पैसे भरून मिळू लागली. फ्रान्समधील रूआँ येथील कॅथीड्रलचा एक मनोरा अशा परवान्यांच्या पैशांतून उभा राहिला असे सांगतात आणि त्याला आजही 'लोण्याचा मनोरा' असेच नाव आहे. १५२० साली मार्टिन ल्यूथरने ज्या गोष्टींवर कोरडे ओढले त्यांत लोण्याचा हा व्यवहारही होता.

याहून मौजेचा प्रकार १५६३ चा. इंग्लंड प्रॉटेस्टंट झाल्यावर मासळीचा खप घटला, कोळी बेकार होऊ लागले आणि आरमाराला खलाशी मिळेनात; तेव्हा पहिल्या एलिझाबेथच्या दरबारातील मंत्री विल्यम सेसिल याने शुक्रवार-शनिवारच्या जोडीला बुधवारही मत्स्याहाराचा ठरवणारा कायदा जारी करवला. मोडणाऱ्यास तीन पौंड दंड किंवा तीन महिने कैद. पण त्याच कायद्यात, मासे खाणे आत्म्याच्या उद्धारासाठी आवश्यक आहे असा प्रचार जो करील तोही शिक्षेस पात्र, असे कलम घातलेले होते! आचार तोच, ताट तेच; फक्त हेतू सरकारी हुकमाने बदलला.

तेव्हा त्याग वस्तूत नसून तो संकल्पात असतो, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढावा काय? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात निराहार राहणाऱ्याचे विषय सुटले तरी त्यांची गोडी सुटत नाही असे बजावले आहे, आणि 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणणाऱ्या आपल्या वाडवडिलांना ते पक्के ठाऊक होते. (साबुदाण्याच्या खिचडीतला बटाटा आणि फिश पायवरचा बटाटा दोन्ही मूळचे अमेरिकेचे, कोणत्याच धर्मग्रंथकाराला तो ठाऊक नव्हता, म्हणून तो दोन्हीकडे निर्वेध शिरला.) तरीही संकल्प ज्याचा त्याला ठाऊक, समाजाला नियम घालता येतो तो ताटातल्या वस्तूलाच. तो अपुरा असणारच, आणि माझ्या मते तो अपुरा असूनही हवा, कारण घरातील सर्वांनी एकाच दिवशी एकच गोष्ट सोडली म्हणजे मुलांना निदान 'आज का नाही?' असे विचारता येते.

केवळ संकल्पावर विसंबण्याचा प्रयोग होऊन गेला आहे. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी प्रायश्चित्ताचे नियम सैल केले. १९८५ पासून इंग्लंड व वेल्समधील कॅथलिकांना दर शुक्रवारचे प्रायश्चित्त स्वतःच निवडण्याची मोकळीक मिळाली. आणि सप्टेंबर २०११ पासून तेथील बिशपांनी मांस वर्ज्य करण्याचा जुना दंडक पुन्हा लागू केला. जे मुळातच मांस खात नाहीत, त्यांनी आपल्या नित्याच्या आहारातील दुसरे काही सोडावे, असेही त्यांनी सांगितले. मासा ज्यांना मांसाहून प्रिय आहे, त्यांच्यासाठी मात्र निराळी तजवीज केलेली नाही.