पडलो आहे, असं आज म्हणता येईल का?

बसा. पाठ भिंतीला टेकवा, फोन पालथा ठेवा. बंगळुरूत असाल तर बाहेरचे हॉर्न थांबणार नाहीत, वाजू द्या. डोळे मिटा आणि आठवा: एखाद्या पुरुषानं ‘माझं काही खरं नाही रे’ असं तुम्हाला शेवटचं कधी सांगितलं? उत्तराची घाई नको.

बंगळुरूतल्याच ब्रोधा व्ही या रॅपरचं ‘आत्मा रामा’ २०१२ साली आलं. इंग्रजी रॅप, आणि मधे चक्क रामाचं भजन. पोरगा आपल्या भरकटलेल्या दिवसांबद्दल बोलतो आणि बोलता बोलता रामाला हाक मारतो. रॅप म्हणजे छाती काढून चालणं, अशी आपली समजूत. इथे तीच छाती थोडी उघडी पडते. मला हे गाणं आवडतं. तरी एक शंका राहतेच: पुरुष आपलं पडणं सांगतो ते बहुतेकदा उठून उभा राहिल्यावर. तेव्हा पडलो होतो, आता बघा कुठे आहे! जिंकलेल्याच्या कबुलीला टाळ्या मिळतात. अजून पडूनच असलेल्यानं काय करावं?

इथे थांबा. एक श्वास सावकाश सोडा.

आता दूर, ब्राझीलमध्ये साओ पावलोला चला. तिथल्या गरीब वस्त्यांतून आलेल्या रासिओनाइस एमसीज या गटाचा १९९७ सालचा अल्बम ‘नरकात तग धरताना’ अशा अर्थाच्या नावाचा. मुखपृष्ठावर क्रूस, सुरुवातीला संत जॉर्जकडे मागितलेलं रक्षण. त्यातलं एक गाणं म्हणजे एका कैद्याची रोजनिशी. कारांदिरू तुरुंगात २ ऑक्टोबर १९९२ रोजी १११ कैदी मारले गेले, पोलिसांच्या हातून. जोसेनिर नावाच्या कैद्याच्या लिखाणातून हे गाणं उभं राहिलं, आणि त्यातली रोजनिशी सुरू होते आदल्या दिवशी सकाळी. ऐकणाऱ्याला उद्या काय होणार ते ठाऊक आहे, बोलणाऱ्याला नाही. तो घाबरलेला आहे, कंटाळलेला आहे. सुटून आल्यावर सांगितलेली ही गोष्ट नव्हे. म्हणून ती ऐकताना टाळी वाजवायला हात उचलत नाही.

पडलेलं असतानाच असं सांगणं आपल्याकडे नवं आहे का? १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची बायको गेली, मुलगा गेला, दुकानाचं दिवाळं निघालं, गावात मान उरला नाही. हे सगळं त्यांनी अभंगात सांगून टाकलं, देवाशी भांडले, त्याला बोल लावले. आणि बापईपणाचा एवढा तोरा असलेल्या समाजात वारकऱ्यांनी विठोबाला आई केलं. मिशीवाला माणूस आईपुढे रडला तर कोण हसणार? ही सोय फार शहाणपणाची होती. तोच विठ्ठल कानडी हरिदास संतकवींचाही. बंगळुरूतलं कर्नाटक संगीत शिकणारं मूल ज्यांच्या नावानं पहिले स्वर गिरवतं, त्या पुरंदरदासांनी आपल्या पदांखाली विठ्ठलाचीच मुद्रा ठेवली. सराफी-सावकारी करणारा, संपत्ती सोडून भीक मागत गाणारा तो माणूस होता, असं परंपरा सांगते.

पण या सोयीत एक फटही आहे, तिच्याकडे जरा बघा. देवापुढे रडलं की शेजारी बसलेल्या मित्राला काही सांगावं लागत नाही. तो टाळ वाजवत राहतो.

आता मनात तो मित्र आणा. लातूर-नांदेडहून नोकरीसाठी आलेला, पीजीच्या खोलीत हेडफोन लावून पडलेला. घरी फोनवर ‘मस्त चाललंय’ म्हणणारा. किंवा ते तुम्हीच असाल. छातीत जे अडकलं आहे, त्याचं एकच वाक्य करा, चालू काळातलं. ‘मी घाबरलोय.’ ‘मला झोप लागत नाही.’ मनात दोनदा म्हणा, मग हळू आवाजात एकदा.

भारतात २०२२ साली आत्महत्या केलेल्यांत सव्वा लाखाच्या आसपास पुरुष होते. म्हणून मघाचं ते वाक्य आज रात्री कुणाला तरी ऐकवा, देवाला ऐकवून झालं असलं तरी. माणूस सापडत नसेल तर १४४१६ लावा. टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं. तिची देशभरची सूत्रं बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतूनच हलतात.